सत्याऐंशी नंबरची छत्री

आमच्याकडे जेवल्यावर तीन तास पाण्यात उतरायचं नाही. पोटात अन्न असताना समुद्रात गेलं की माणूस बुडतो, हे आम्हाला आमच्या आयांनी सांगितलं, आम्ही आमच्या पोरांना सांगितलं. जेवून बुडालेला माणूस मी काही आजवर पाहिलेला नाही, पण म्हणून नियम मोडायची छातीही कुणाची झाली नाही. नुसतं पीच खाल्लं तर एक तास. थंड भाताचं सॅलड खाल्लं तर अडीच. भट्टीतला पास्ता खाल्लात तर पुरते तीन. ही मापं माझ्या आईची, योलेची, म्हणजे माझ्या पोरांच्या नोन्नाची, आजीची. तिच्या मनगटावर एक पुरुषी घड्याळ असायचं आणि त्यापुढे पोपचंही काही चाललं नसतं.

ते तीन तास कसे जातात, ते किनाऱ्यावर वाढलेल्यालाच कळतं. रेडिओ हळू होतात. पत्ते कुटणारे पत्ते हातात धरूनच पेंगतात. नारळवाला ओरडत येतो आणि आपल्यापर्यंत पोचायच्या आत कुठेतरी विरून जातो. छत्रीची गोल सावली वाळूवरून इतकी हळू सरकते, की आधी पाय उन्हात जातात, मग गुडघे, आणि आपल्याला पत्ताच नसतो. तिथे मी अर्धं आयुष्य झोपून काढलं, आणि ते वाया गेलं असं मला अजून वाटत नाही.

हे शहाऐंशी सालचं. आम्ही बोलोन्याचे, आणि दर जूनमध्ये आमचं बिऱ्हाड आद्रियातिक समुद्राच्या काठावर, छत्र्या-खुर्च्या भाड्यानं देणाऱ्या इर्माकडे. इर्माच्या दोनशे छत्र्या, दहा रांगा, आणि तिचा कायदा एकच: ज्याची छत्री त्याची, वर्षानुवर्षं. पुढच्या रांगेतलं कुणी मेलं किंवा इर्माशी भांडून गेलं, की मागचा पुढे सरकायचा. आईबाबांनी दहाव्या रांगेतून सुरुवात केली आणि सव्वीस वर्षांत पाचव्या रांगेत आले. सत्याऐंशी नंबर. मी त्या किनाऱ्यावर मोठी झाले, माझा तोबिया तिथे रांगायला लागला, त्याचा पहिला दात तिथल्या वाळूत पडला आणि मिळालाच नाही.

"पहिली रांग मिळाली ना, की मध्ये कुणाच्या ढुंगणाचा अडथळा नाही," बाबा दरवर्षी म्हणायचे. "तू, मी आणि समुद्र, योले."

"तोवर मला समुद्र दिसायला चष्मा लागेल," आई म्हणायची.

फेब्रुवारीत आई गेली. मार्चमध्ये इर्माचा फोन आला की पहिल्या रांगेतला नऊ नंबर रिकामा झालाय. मला वाटलं, बाबा फोन आपटतील. त्यांनी एका शब्दात हो म्हटलं.

बाबा, म्हणजे ओरेस्ते, पोरांचे नोन्नो, आजोबा, जन्मभर ट्रामवर कंडक्टर. दिवसभर हजार माणसांशी बोलून घरी आले की तोंडाला कुलूप, ही त्यांची सवय. पण आईनंतरचं कुलूप वेगळंच होतं. तिचं नाव नाही, डोळ्यांत पाणी नाही. चर्चमध्ये नऊ वर्षांचा तोबिया हमसून रडला, बाबा खांबासारखे उभे. माझ्या धाकटीला, पाच वर्षांच्या लीवियाला, आम्ही त्या दिवशी शेजारणीकडे ठेवलं होतं. तिला कसं सांगायचं, या विचारानं मला दोन रात्री झोप नव्हती. तिसऱ्या दिवशी बाबा म्हणाले, "लीवियाला मी सांगितलंय."

"काय सांगितलंत?"

"सांगितलं ना. झालं."

मी खोदून विचारलं नाही. खरं सांगते, मला हायसं वाटलं. एक ओझं परस्पर उतरलं, तर कोण पुन्हा उचलतंय?

पहिली रांग मला पहिल्या दिवसापासून आवडली नाही. वारा फार. शेजारी वर्तमानपत्राची अशी इस्त्री केल्यासारखी घडी घालायचे, की 'नमस्कार' म्हणायचीही चोरी. मागच्या रांगांतली ये-जा, कुणाचं लग्न जमलं, कुणाचं मोडलं, सगळं पाठीमागे राहिलं. समोर मात्र नुसता समुद्र, निळा, सपाट, काही न बोलणारा. बाबा खुर्ची अगदी पुढे ओढून त्याच्याकडे बघत बसायचे. दोघांचं छान जमत होतं.

नवरा कारखान्यातून सुटून शनिवारी यायचा. मधले पाच दिवस पोरं माझ्या आणि बाबांच्या गळ्यात.

"अजून किती वेळ?" तोबिया दर पाच मिनिटांनी विचारायचा.

"पास्ता खाल्लायस. तीन तास."

"मी थोडासाच खाल्ला."

"मग थोडासाच बुडशील. गप पड."

लीविया मात्र काही विचारायची नाही. जेवणातलं पीच हातात घेऊन वाळूत घरं करत बसायची. मी म्हणायचे, पोर किती गुणाची.

अकराव्या दिवशी असंच जेवण झालं. बाबा म्हणाले, "पड तू, मी आहे." मी आडवी झाले. पाण्याचा आवाज आधी कानाशी होता, मग आत आला. झोपेत मला आईचा हात कळला. पोरांचं अंग पुसून झालं की ती त्यांच्या बोटांतली वाळू एकेक बोट धरून झटकायची, तशी ती माझी बोटं झटकत होती. मला सुख झालं. मी विचारलं, "किती वाजले गं?"

"झोप," ती म्हणाली. "अजून वेळ आहे."

जाग आली तेव्हा माझे पाय उन्हात होते. तोबिया चित्रकथा तोंडावर घेऊन झोपलेला. बाबा खुर्चीत, डोळे उघडे, समुद्राकडे.

"लीविया कुठंय?"

"इथेच आहे की," बाबा म्हणाले आणि खाली पाहिलं. तिथे वाळूचं अर्धं घर होतं.

मी नळाकडे पळाले, झोक्यांकडे पळाले, बर्फाच्या गोळ्याच्या गाडीपाशी पाहिलं. मग जीवरक्षक साउरोकडे. साउरो तीस वर्षं त्या उंच खुर्चीवर बसलेला, माझ्या लग्नातही नाचलेला. त्याचं एक ठरलेलं गणित आहे आणि ते आमच्या किनाऱ्यावर सगळ्यांना पाठ असतं: हरवलेलं पोर उन्हाकडे पाठ करून चालतं, कारण डोळ्यांत ऊन नको असतं. म्हणून सकाळी हरवलेलं उत्तरेला मिळतं आणि संध्याकाळी हरवलेलं दक्षिणेला.

"घाबरू नकोस गं, मिरेल्ला," तो खाली उडी मारत म्हणाला. "दरवर्षी पंधरा हरवतात, पंधरा मिळतात. ऊन कुठंय?"

आम्ही दोघांनी वळून पाहिलं. पावणेतीन वाजले होते. ऊन बरोबर हॉटेलांच्या माथ्यावर होतं, आमच्या पाठीशी. उत्तरेला नाही, दक्षिणेला नाही. त्याच्याकडे पाठ करून चालणाऱ्या पोरासमोर फक्त पाणी होतं.

साउरोनं लाल होडी पाण्यात ढकलली.

मी गुडघाभर पाण्यात उभी राहिले. पाणी स्वच्छ होतं, तळाची वाळू दिसत होती, आणि मी माझ्या लेकीचा पिवळा पोहण्याचा पोशाख त्या तळाशी शोधत होते. मनात एकच चाललं होतं: भट्टीतला पास्ता खाल्लाय, तीन तास झाले नाहीत. आईनं मला काय म्हटलं असतं?

तेवढ्यात भोंगा खरखरला. बाबा इर्माच्या खोलीत जाऊन पोचले होते. इर्माचा आवाज सगळ्या किनाऱ्यावर गेला, "पाच वर्षांची मुलगी हरवली आहे. नाव लीविया, पिवळा पोशाख. सापडल्यास छत्री नंबर सत्याऐंशीला आणून सोडावी."

सत्याऐंशी! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. इतक्या वर्षांची सवय, नातवंड हरवलं तरी सुटली नाही. आता पोर सापडली तरी लोक भलत्याच ठिकाणी नेऊन सोडणार! मी पाण्यातून बाहेर आले आणि मागे पळत सुटले, निदान तिथल्या माणसांना सांगावं म्हणून. दुसरी रांग, तिसरी, चौथी. माणसं उठून उभी राहत होती. कुणीतरी म्हणालं, "मिळेल हो, मिळेल."

सत्याऐंशीखाली ब्रेशाहून आलेली दोघं नवरा-बायको होती, साठीची. बाई माझ्या दिशेनं हात हलवत निघालीच होती. तिच्या मागे, छत्रीच्या सावलीत, आईची खुर्ची जिथे असायची नेमकी तिथे, एका खुर्चीत लीविया गाढ झोपली होती. तिच्या अंगावर कुणीतरी टॉवेल घातला होता. मुठीत पीच होतं.

मी वाळूत बसले आणि तिचं पाऊल हातात धरलं. ते गरम होतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, ते असं.

"आत्ताच भोंगा ऐकला," ती बाई, पिएरा, घाईनं सांगू लागली. "आमचीच छत्री म्हणाले, म्हणून बघितलं, तर हीच. अहो, आम्हाला वाटलं तुम्हाला माहीत आहे. ती रोज येते ना."

"रोज?"

"जेवणानंतर. दहा मिनिटं बसते, पीच इथे छत्रीच्या दांड्यावरच्या आकड्याला लावलेल्या पिशवीत ठेवते आणि जाते. आज डोळा लागला तिचा. इतकी शांत झोपली होती, उठवायचं जिवावर आलं."

बाबा धापा टाकत आले, त्यांच्या मागे तोबिया. तोबियाला मी साउरोला हाक मारायला पिटाळलं. बाबा मात्र छत्रीच्या कडेलाच थांबले, सावलीत पाय टाकला नाही.

आवाजानं लीविया जागी झाली. आम्हाला सगळ्यांना बघून तिला जराही नवल वाटलं नाही.

"इथे का आलीस, बाळा?" मी विचारलं. "किती शोधलं तुला!"

"नोन्नाला नवीन जागा कुणी सांगितलीच नाही," ती म्हणाली. "ती इथेच येणार ना."

"कोण येणार?"

"नोन्ना. नोन्नो म्हणाला होता, ती समुद्रावर गेलीय, बरी व्हायला. आपण पुढे गेलो, तिला कसं कळणार? म्हणून मी येते. पण ती संध्याकाळी येते वाटतं. मी पीच ठेवते ना, ते ती खाते. दुसऱ्या दिवशी नसतं."

मी बाबांकडे पाहिलं. मला त्यांना खूप काही बोलायचं होतं, चार महिन्यांचं. फेब्रुवारीपासून जो माणूस खांबासारखा उभा होता, तो हळूहळू खाली बसला. आधी एक गुडघा, मग दुसरा, लीवियाच्या खुर्चीसमोर.

"लीविया," ते म्हणाले, "मी खोटं बोललो."

तिनं अंगावरचा टॉवेल बाजूला केला.

"नोन्ना समुद्रावर आलीच नाही. ती वारली. थंडीत, बोलोन्यात, दवाखान्यात. आता ती कुठेच येणार नाही. इथेही नाही, तिकडे पुढेही नाही."

"बरी नाही झाली?"

"नाही झाली."

"मग तू तिला समुद्रावर का नाही आणलंस?"

बाबांनी वाळू मुठीत धरली आणि सोडली. "ती म्हणाली होती. जानेवारीत म्हणाली, एकदा ने मला, नुसतं बघून येऊ. मी म्हटलं, येडी झालीस का, किती थंडी आहे. जूनमध्ये नेतो, थेट पहिल्या रांगेत." मग त्यांचा आवाज फुटला आणि ते सगळ्यांदेखत रडले, ओरडून, पोरासारखे. वर भोंग्यातून इर्मा अजून सत्याऐंशी, सत्याऐंशी करत होती. पिएराचा नवरा टोपी काढून उभा राहिला होता.

लीविया रडली नाही. तिच्या कपाळाला आठी पडली होती, वाळूचं घर ढासळल्यावर पडते तशी.

"मग पीच कोण खात होतं?" तिनं विचारलं.

पिएरा पुढे आली. मानेपर्यंत लाल झाली होती. "मी, बाळा. तू गेल्यावर. टाकून द्यायला मन होईना. पिशवीत तसंच राहिलं असतं तर तुला वाईट वाटलं असतं."

लीवियानं तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. मला वाटलं, आता ही भोकाड पसरणार.

"गोड होती पीचं?"

"हो गं," पिएरा म्हणाली. "फार गोड होती."

लीवियानं मान हलवली. मग मुठीतलं आजचं पीच, दाबून दाबून मऊ झालेलं, वाळू लागलेलं, तिनं बाबांपुढे धरलं.

"हे तू खा, नोन्नो."

बाबांनी ते पुसलंसुद्धा नाही. तिथेच गुडघ्यांवर बसून, वाळूसकट, सालासकट, बाठ्यापर्यंत खाल्लं.