धरून ठेवलेलं नाव

दर रविवारी सकाळी चहा झाला की शमिका लॅपटॉप उघडायची आणि बकुळला उठवायची. बकुळ म्हणजे खेळातली एक मुलगी, पहिल्या पातळीची, हातात लाकडी काठी. ती चौकात यायची, कारंज्यापाशी उभी राहायची आणि दोन मिनिटांनी शमिका तिला बंद करायची. एवढंच काम. दहाव्या पातळीच्या आतलं पात्र नव्वद दिवस कुणी उघडलं नाही, तर त्याचं नाव काढून घेतात, असा नियम होता. नव्वद दिवसांत एकदा उघडलं तरी पुरलं असतं. पण शमिका प्रयोगशाळेत तापमापकं तपासायची नोकरी करायची. शेवटच्या तारखेपर्यंत काही ठेवणं तिला जमत नसे.

हे नाव तिचं नव्हतं, सिद्धीचं होतं.

मारतहळ्ळीच्या याच फ्लॅटमध्ये दोघी चार वर्षं राहिल्या. संध्याकाळी कंपनीच्या बसमधून उतरलं की आधी खिचडी टाकायची आणि मग दोन लॅपटॉप शेजारी शेजारी. खेळात सिद्धी बकुळ, शमिका पारा. पुढे सिद्धीचं लग्न झालं, ती देवनहळ्ळीला गेली. शहर एकच, पण गाडीनं दोन तास. मग बाळ झालं. त्याच सुमारास खेळाचा जुना सर्व्हर बंद होऊन नवा सुरू होणार असं जाहीर झालं. नव्यावर नावं पुन्हा घ्यायची होती, आणि एक नाव एकालाच.

"शमे, माझं नाव तेवढं धरून ठेव," सिद्धी फोनवर म्हणाली होती. "पहिल्या दिवशी मला काही जमायचं नाही. नाहीतर मला बकुळ एक दोन तीन चार व्हावं लागेल."

"ठेवते. तू ये मात्र."

"येणार म्हणजे काय! दोन महिन्यांत येते बघ."

सर्व्हर सुरू झाला त्या सकाळी शमिकानं आधी बकुळ घेतलं. मग स्वतःचं नाव टाइप केलं, तोवर पारा गेलं होतं. मध्ये जेमतेम मिनिट गेलं असेल. तिनं फ्लॅटचा नंबर जोडला आणि ती पारा४०७ झाली. सिद्धी आली की हसेल, असं तिला वाटलं.

दोन महिने झाले, मग आठ. शमिकानं विचारलं नाही. बाळंतिणीला खेळाचं काय विचारायचं? बाळाचे फोटो यायचे, ती बदाम पाठवायची.

या रविवारी बकुळ कारंज्यापाशी आली, तर तिच्यासाठी निरोप येऊन पडला होता. पाठवणारीचं नाव देवनबकुळ, पातळी सदतीस. मजकूर इंग्रजीत होता, अगदी अदबीचा. तुम्ही हे नाव वापरत नाही असं दिसतं, नुसत्या उभ्या असता. जुन्या सर्व्हरवर ते माझं होतं. एक मैत्रीण माझ्यासाठी ठेवणार होती, पण ती विसरली असावी. सोडाल का?

शमिकानं तो दोनदा वाचला. सदतीस पातळ्या म्हणजे निदान सहा महिन्यांचा खेळ. तिनं फोन लावला.

"सिद्धी, ती बकुळ मी आहे."

"कोण बकुळ? अगं... थांब. ती कारंज्यावरची? काठीवाली? तू?"

"तू धरून ठेव म्हणालीस ना."

"अगं बये! मी आले, बकुळ टाकलं, तर म्हणे नाव घेतलेलं आहे. मला वाटलं, राहिलं तुझ्याकडून. मग पाराला निरोप पाठवला, आले म्हणून. उत्तरच नाही. म्हटलं बाई चिडलेली दिसते, बाळाच्या नादात मी फोन केला नाही म्हणून."

"तो पारा मी नाही. मला नाही मिळालं ते."

"का? तू तर घड्याळ लावून बसणारी."

"गर्दी होती," शमिका म्हणाली.

पलीकडे बाळ काहीतरी आपटत होतं. सिद्धी पोट धरून हसत होती. "म्हणजे तू माझं नाव अडवून बसलीस आणि मी बाहेर तुला शिव्या देतेय! कमाल आहे. बरं, आता देतेस का? आमच्या लेआउटमधल्या चौघी शेजारणी आहेत, त्यांच्यासोबत खेळते मी. त्या मला देवी म्हणतात गं, देवनबकुळ लांब पडतं म्हणून."

"गटात किती जणी घेतात?"

"पाचच. नाहीतर तुला ओढलंच असतं."

नाव एका खात्यातून दुसऱ्यात देता येत नव्हतं. पात्र पुसायचं आणि दुसरीनं ते नाव लगेच उचलून आपल्या पात्राला लावायचं, एवढाच मार्ग. मध्ये कुणीही टपलेलं असू शकतं. खेळानं विचारलं, खरंच पुसायचं असेल तर पात्राचं नाव लिहा. शमिकानं बकुळ असं लिहिलं.

"तयार? एक, दोन, तीन."

"थांब, फिरतंय... मिळालं! शमे, मिळालं गं!" सिद्धी ओरडली. बाळ दचकून रडायला लागलं.

"पुढच्या रविवारी आपण दोघीच खेळायचं?" शमिकानं विचारलं.

"खेळू की. याच्या झोपेचं बघून कळवते हं. तुझं नाव काय आता?"

तिनं सांगितलं. सिद्धीनं एकदा म्हणून पाहिलं, चारशे सात, आणि फोन ठेवला.

पुढच्या रविवारी निरोप आला नाही. शमिकानं पारा४०७ उघडलं आणि खेळणाऱ्यांच्या यादीत पाहिलं. बकुळ खेळत होती, उत्तरेच्या गुहेत, चौघींबरोबर. नावापुढे हिरवा ठिपका होता. शमिकानं लिहिलं, "काय गं, आहेस का?"

"पाचच मिनिटं," लगेच उत्तर आलं. "संपतच आलंय."

शमिका गुहेच्या तोंडाशी जाऊन उभी राहिली. अर्ध्या तासानं आतून एकेक जण बाहेर येऊ लागली. एकीनं तिला वाकून नमस्कार केला, अनोळखी माणसाला करतात तसा. चार झाल्या. शमिका पाचवीची वाट पाहत होती, तोच यादीतला हिरवा ठिपका राखाडी झाला.

बाळ उठलं असणार, ती स्वतःशी म्हणाली. तरी लॅपटॉप मिटला नाही. पुन्हा झोपलं तर सिद्धी इथेच, गुहेच्या आत उगवणार होती, आणि बाहेर यायला वाट ही एकच होती.