मानाची स्प्रिंग

रामपायलीचं धान पोटरीला आलं आणि तुडतुड्यांनी त्यात बिऱ्हाड थाटलं. फवारणीचं विमान मात्र माळावर अडून बसलं होतं. इंजिनाच्या धुराच्या नळीची स्प्रिंग निसटली होती. पायलटनं स्प्रिंगमध्ये दोरी ओवली. कोणी दोरी ताणली की तो स्प्रिंगचा आकडा नळीच्या कडीत अडकवणार होता.

पण दोरीला पहिला हात कोणाचा, यावरून सरपंच भोजराज आणि जनपदाचे, म्हणजे तालुका पंचायतीचे, अध्यक्ष महागू यांच्यात व्याह्यांसारखा मानपान पेटला. वारा उठू लागला. तो वाढला की फवारणी बंद.

गोदाबाईचं सारं वावर किडीखाली होतं. तिनं पदर खोचून दोरी ताणली. आकडा बसला.

"काढा थे स्प्रिंग," भोजराज म्हणाला, "मानानं बसवू."

"बसवजा नं भाऊ," गोदाबाई म्हणाली. "पह्यले माह्या वावरावरून फिरून येऊ द्या इमानाले."