भरलेली दिसणारी बाटली

चैत्र संपता संपता कुंदाचं अंग सुजलं. आधी डोळ्यांखाली, मग पायांवर. बोटाने दाबलं की खळगा पडायचा आणि बराच वेळ तसाच राहायचा. कल्याणच्या डॉक्टरांनी लघवी तपासली आणि तिच्या वडिलांना, चिंतामणीला, बाजूला घेऊन सांगितलं, "मूत्रपिंडं सुजलीत. मीठ पूर्ण बंद. आणि पाणी मोजून."

"मोजून म्हणजे?"

डॉक्टरांनी टेबलावरचा काचेचा पेला उचलून दाखवला. "असे तीन. दिवसभरात. दूध, पेज, सगळं त्यातच धरायचं. पाणी बाहेर पडत नाही, आत साचतं. छातीत साचलं तर मुलगी हातची जाईल."

चिंतामणी गुप्ते अंबरनाथच्या एका कारखान्यात ड्राफ्ट्समन होता. बदलापूर गावाच्या कडेला, कौसाबाईच्या घरातल्या दोन खोल्या भाड्याने घेऊन तो, त्याची बायको सुनंदा आणि नऊ वर्षांची कुंदा असे तिघं राहत. कौसाबाई कुणब्याची विधवा. थोडी भातशेती आणि दोन म्हशी एवढा तिचा संसार. तिला मूलबाळ नव्हतं. कुंदाचा अर्धा दिवस तिच्याच ओटीवर जायचा.

वैशाखात पाणी मोजून द्यायचं म्हणजे काय, ते सुनंदाला पहिल्याच आठवड्यात कळलं. चिंतामणी सकाळी सायकलवर टांग टाकून कामावर निघून जायचा. मागे राहायची ती, आणि तहानेने कासावीस झालेली मुलगी. सुनंदाने माठ फळीवर उंच चढवला. न्हाणीघराला कडी घातली. तरी एकदा कुंदा दोरीवरच्या ओल्या पंच्याचं टोक चोखताना सापडली. "एकच घोट गं आई, नुसती चूळ भरते, थुंकून टाकते," असं ती म्हणायची आणि गिळून टाकायची. सुनंदाने चूळही बंद केली.

हे तिने कुणालाच सांगितलं नाही. कौसाबाईलासुद्धा नाही. पोरीला अशक्तपणा आलाय, एवढंच सांगितलं. आपण पोटच्या पोरीला पाण्यावाचून ठेवतो, हे शब्द तिच्या तोंडातून फुटत नव्हते. चिंतामणी एकदा म्हणाला, "कौसाबाईंना सांगून ठेव." ती म्हणाली, "सगळ्या गावात होईल. लोक मला काय म्हणतील?" त्याने तो विषय पुन्हा काढला नाही.

कुंदाचं रडणं ऐकवेना तेव्हा चिंतामणीच्या डोक्यात बाटलीची कल्पना आली. पेला दिसायला लहान. तो रिकामा झाला की पोर आणखी मागायची. तेवढंच पाणी मोठ्या भांड्यात भरलेलं दिसलं तर? घरात मॉल्टच्या पावडरची रुंद तोंडाची, आटे असलेल्या पत्र्याच्या झाकणाची काचेची बाटली होती. तिच्यात आत काहीतरी ठेवायचं, जागा व्यापेल असं, आणि पोरीला ते आवडेल असं.

त्याने कागदावर आकृती काढली. पहिल्यांदा त्याने दोन्ही तोंडं बंद केलेली काचेची नळी आत टाकून पाहिली. ती तरंगून वर आली आणि बाटलीच्या तोंडाशी अडकली. मग नळी झाकणालाच जोडायची ठरली. झाकणाच्या मधोमध भोक, त्यातून नळी खाली बुडापर्यंत लोंबणारी, वरून बुचाने बंद. बूच काढलं की नळीत गुंडाळून ठेवलेलं चित्र बाहेर काढायचं आणि दुसरं घालायचं. पाण्याला हात लावायची गरज नाही. झाकणाच्या कडेला पिण्यासाठी एक छोटी तोटी आणि हवा जायला एक बारीक छिद्र.

नळी करून घ्यायला तो उल्हासनगरच्या कॅम्पात गेला. तिथल्या एका बराकीत टहिलराम नावाचा सिंधी माणूस दिव्याच्या ज्योतीवर काच वळवून औषधाच्या कुप्या बनवायचा. त्याने आकृती उलटसुलट करून पाहिली.

"इतनी मोटी नळी? मग पाणी किती राहणार साब?"

"अर्ध्याहून कमी. तेच पाहिजे."

टहिलराम हसला. "ये तो दुकानदार का काम है! शरबतवाल्याला दिली तर तो दुवा देईल. गिऱ्हाइकाला भरलेली दिसणार, आत अर्धीच!"

"माझ्या मुलीसाठी आहे," चिंतामणी म्हणाला आणि त्याने कारण सांगितलं.

टहिलरामचं हसू गेलं. त्याने लगेच नळी करायला घेतली. लाखेने ती झाकणात बसवूनही दिली, आणि चिंतामणी खिशात हात घालू लागला तेव्हा मान हलवली. "बच्ची को दे दो," एवढंच म्हणाला.

चित्रं सुनंदाने काढली. लग्नाआधी ती रांगोळीत माहीर होती, रंगांचा हात चांगला. पातळ कागदावर तिने पोपट काढला, शिडाची होडी काढली, लाल फुलांचा पांगारा काढला. पाण्यातून चित्र मोठं आणि चकचकीत दिसायचं. कुंदाने बाटली दोन्ही हातांत धरली तेव्हा तिचा चेहरा उजळला.

"ही अख्खी माझी?"

"अख्खी तुझी," सुनंदा म्हणाली.

युक्ती चालली. कुंदा बाटली उशाशी घेऊन बसायची, घोट घोट प्यायची, पाणी उतरत गेलं की पोपटाचं डोकं कोरडं दिसायचं. ते तिला फार गमतीचं वाटे. आज कुठलं चित्र घालायचं ते ती ठरवायची. रडणं थांबलं. पायांची सूज ओसरली. डॉक्टर म्हणाले, "असंच चालू द्या." खूप दिवसांनी सुनंदा दुपारी जरा आडवी झाली.

एका सकाळी सुनंदाने बाटलीत मोजून पाणी ओतलं आणि झाकण घ्यायला वळली. कुंदा दारात उभी होती. नेहमी ती झोपेत असताना सुनंदा बाटली भरायची. आता लपवणं बरं दिसलं नसतं, म्हणून तिने काही न बोलता झाकण बसवलं. नळी आत शिरली आणि अर्ध्याखाली असलेलं पाणी सरसर गळ्यापर्यंत चढलं.

"आई, पाणी कुठून आलं?"

"कुठून म्हणजे? भरलेलंच होतं."

कुंदाने बाटली घेतली आणि आत जाऊन बसली. संध्याकाळी चिंतामणी आल्यावर तिने झाकण फिरवून काढलं, बाटली त्याच्यापुढे धरली.

"बाबा, माझी उरलेली अर्धी बाटली कुठाय?"

चिंतामणीने तिला जवळ घेतलं आणि म्हणाला, "तुला बरं वाटावं म्हणून केलं बाळ." ती ताठ राहिली. त्या दिवसानंतर तिने चित्र मागितलं नाही. बाटली पुढे केली तर निमूट प्यायची. सुनंदाला वाटलं, पोर समजुतीला आली.

ती समजुतीला आली नव्हती. दुपारी आईचा डोळा लागला की ती मागच्या दाराने कौसाबाईकडे जायची आणि पाणी मागायची. कौसाबाई तांब्याभर पाणी द्यायची, गूळ नको म्हणाली तर हसायची, वर ताकही द्यायची, मीठ घातलेलं. उन्हातून आलेल्या पोराला पाणी द्यायचं नाही, हे तिच्या स्वप्नातसुद्धा आलं नसतं.

आठवडाभरात कुंदाचा चेहरा परत फुगला. डोळे उघडेनात. सुनंदाने माठ पाहिला, न्हाणीची कडी पाहिली, कशालाच हात लागला नव्हता. मग एका दुपारी झोपेचं सोंग घेऊन ती पोरीच्या मागे गेली. कौसाबाईच्या ओटीवर कुंदा तांब्या तोंडाला लावून गटागटा पीत होती. सुनंदाने तो हिसकावला आणि पोरीच्या थोबाडीत मारली. सुजलेल्या गालावर बोटं उमटली आणि तशीच राहिली.

"बाई!" कौसाबाई ओरडली. "पान्यासाठी पोरीला मारतेस? मानूस हायेस का कोन?"

"तिला पाणी विष आहे!" सुनंदा किंचाळली, आणि मग तिने सगळं सांगितलं. उभ्या उभ्या, तांब्या हातात तसाच. कौसाबाई भिंतीला टेकून खाली बसली.

"मना आदी का नाय सांगलंस? मी काय तुजी वैरीन होते?"

चिंतामणीने कुंदाला बैलगाडीतून स्टेशनवर आणि तिथून कल्याणला नेलं. इस्पितळात तिला झटके आले. मग श्वास लागला. डॉक्टरांनी जे करता येईल ते केलं. तिसऱ्या दिवशी दुपारी ती गेली. शेवटपर्यंत ती पाणी मागत होती, आणि अगदी शेवटी डॉक्टर सुनंदाला म्हणाले, "आता द्या." तिने चमच्याने दिलं. ते ओठांच्या कडेने ओघळून गेलं.

चिंतामणीने डॉक्टरांना एकच विचारलं. "पाण्याने गेली का?"

डॉक्टर म्हणाले, "मूत्रपिंडं फार खराब झाली होती. पाणी नसतं प्यायली तरी वाचली असती असं मी सांगू शकत नाही. नसती वाचली असंही सांगू शकत नाही."

घरी आल्यावर सुनंदा बोलेनाशी झाली. स्वयंपाक करायची, धुणं धुवायची, कौसाबाई समोर आली की आत जायची. कौसाबाई रोज दाराशी दूध ठेवून परत जायची, हाक मारायची नाही. चिंतामणी कारखान्यात रेषा मारत बसायचा आणि रेषा चुकायच्या.

दिवाळीनंतर कल्याणच्या डॉक्टरांनी त्याला बोलावून घेतलं. जांभूळ गावची एक मुलगी होती, काशी नावाची, आठ वर्षांची. तोच आजार. आई गोदू शेतावर जाणारी, मागे पोरीला सांभाळायला कुणी नाही. "तुमच्या बाटलीने महिनाभर काम केलं होतं," डॉक्टर म्हणाले. "तशी एक करून द्याल? पण या खेपेला झाकण लाखेने पक्कं करा. उघडता येणार नाही असं. भरायला वरून नुसतं छिद्र ठेवा."

"मला जमणार नाही," चिंतामणी म्हणाला आणि उठला.

पण तो तसाच घरी आला नाही. वाटेत उल्हासनगरला उतरला आणि टहिलरामच्या बराकीत जाऊन बसला. टहिलरामला कुंदाचं काहीच ठाऊक नव्हतं. ऐकल्यावर त्याने ज्योत बारीक केली. मग त्याने न विचारता एक नळी घेतली आणि वळवायला सुरुवात केली.

नळी घरी आलेली सुनंदाने पाहिली. चिंतामणीला वाटलं, ती फोडून टाकेल. तिने विचारलं, "कुणासाठी?" त्याने सांगितलं. झाकण पक्कं करायचं तेही सांगितलं.

"पक्कं नको," ती म्हणाली. कितीतरी दिवसांनी तिचा सलग आवाज घरात उमटला. "काढता येऊ दे. आणि तिला खरं सांगायचं. मी येते."

"तुला झेपेल?"

"नाही झेपणार. पण तुम्ही सांगाल ते गोडगोड सांगाल."

ते त्याला लागलं. पण ती खोटं बोलत नव्हती.

तिने तीन चित्रं काढली. जुन्यापैकी एकही घेतलं नाही. रविवारी दोघं जांभूळला गेली. काशी ओटीवर गोधडीत बसली होती, डोळे सुजून फटीसारखे झालेले. गोदू हात पुसत बाहेर आली. सुनंदा मुलीच्या समोर मांडी घालून बसली. तिने गोदूकडून पेला मागून घेतला, पाणी मोजून बाटलीत ओतलं आणि झाकण काशीच्या डोळ्यांदेखत बसवलं. पाणी वर चढलं.

"बघितलंस? पाणी वाढलं नाही. नळीने जागा अडवली म्हणून वर आलं. आहे तेवढंच आहे. तुला एवढंच प्यायचंय, जास्त प्यायलीस तर मरशील. माझी मुलगी मेली."

"बाई, असं नका बोलू पोरीसमोर," गोदू रडवेली झाली.

"तिला कळू दे. आणि शेजारीपाजारीही सगळ्यांना सांगून ठेवा. कुणी पाणी देता कामा नये. लाजू नका."

काशी रडायला लागली. रडून झाल्यावर तिने बाटली स्वतःकडे ओढली, झाकण फिरवून उघडलं, पाणी खाली गेलेलं पाहिलं, परत लावलं, परत वर आलेलं पाहिलं. असं तिने चारपाच वेळा केलं.

"मंग नली कशाला?" तिने विचारलं.

सुनंदाने बूच काढून एक चित्र नळीत सरकवलं. "चित्र बघायला," ती म्हणाली.

काशी तगली. पावसाळ्याच्या तोंडाला गोदू तिला घेऊन बदलापूरला आली. बरोबर तांदळाची पिशवी होती. मुलगी बारीक झाली होती, पण सूज गेली होती, अंगणात म्हशीमागे पळत होती. सुनंदाने आतून पाहिलं आणि दार लोटून घेतलं. कौसाबाईने तांदूळ घेतले, मुलीच्या तोंडावरून हात फिरवला आणि त्यांना वाटेला लावलं.

चिंतामणी आत गेला. सुनंदा भिंतीकडे तोंड करून बसली होती.

"ती धावताना बघितली," ती म्हणाली, "आणि मनात आलं, हीसुद्धा जायला हवी होती. मीच नेऊन दिली ना बाटली? आणि मनात हे आलं. मी अशी कशी झाले हो?"

चिंतामणी तिच्या शेजारी बसला. बाहेर कौसाबाई म्हशीला हाकारत होती.

पुढच्या वर्षी त्यांना अंबरनाथला कंपनीचं क्वार्टर मिळालं. डॉक्टरांचा निरोप आला की चिंतामणी अजून एखादी बाटली करून देई, टहिलराम नळी करी. काही मुलं वाचत, काही जात. चित्रं तो बाजारातून छापील आणून घाली. सुनंदाने पुन्हा ब्रश हातात धरला नाही, आणि चिंतामणीने तिला चित्र काढ असं कधी म्हटलंही नाही.