आत घेतलेला बेल्ट

आमच्या कामावरच्या क्रेनची उंची सांगितली, तर म्हणाल म्हातारा फेकतोय. फेकू द्या. ढग तिला वळसा घालून जायचे. सकाळी वरून निसटलेला डबा जेवणाच्या सुट्टीला खाली पोचायचा, तोही गार होऊन. माणूस मात्र पटकन पोचतो. त्याला तिखटमीठ लावावं लागत नाही.

या क्रेनखाली उभी राहून एक बाई वरच्या ऑपरेटरला हातांनी खुणा द्यायची, म्हणून तिचं नाव पडलं खुणावाली. तिने बोट वाकवलं की लोखंडाची मोळी मांजरासारखी पायाशी येऊन बसे. तिच्या हाताखाली शिकलेले दोन पोरगे वर केबिनमध्ये पोचले, ती खालीच. शेवटी तिने ऑपरेटरची परीक्षा दिली, पास झाली, आणि फोरमनला सबब सापडेना.

"उद्या सगळ्यांसमोर चढ," तो म्हणाला. "चढलीस तर खुर्ची तुझी."

स्टोअरवाल्याने तिला चढायचा सेफ्टी बेल्ट दिला. शेवटच्या भोकापर्यंत आवळला तरी तिच्यासारख्या दोघी त्यात मावल्या असत्या. पाय घसरला, तर बेल्ट वर लटकणार आणि ही खाली.

"लहान माप द्या की, भाऊ."

"येत नाही, ताई. बाया कुठे चढतात?"

"बेल्ट नाही म्हणून चढत नाहीत."

"आणि चढत नाहीत म्हणून मागवत नाही." स्टोअरवाला कोडं सुटल्यासारखा हसला.

बेल्ट घेऊन ती घरी आली, तर नवरा म्हणाला, "सोड ना नाद. खाली काय वाईट आहे?"

"तू गप रे!" सासूबाई कडाडल्या. त्या शिवणकाम करत. "माझा जन्म मशीनवर वाकून गेला. माझी सून वर बसणार."

सकाळी बेल्ट अंगाला चापून बसला. घाईत तिला वाटलं, बकल नीट लागलं असेल.

शिडीखाली सगळे जमले होते. कुंपणापाशी सासूबाईही, कमरेला नेहमीची कात्री खोचून. खुर्चीवर डोळा ठेवून असलेला पैलवान म्हणाला, "काय खुणावाली, घाम फुटला?"

ओझं उचलण्याआधी ते बांधलेल्या पट्ट्यावरून अंगठा फिरवायची तिची सवय. आता बेल्टवर, कमरेपाशी, तो अडला. आत दुमड होती. त्याच रंगाचा दोरा, बारीक टाके.

ज्या पट्ट्यातून सुई गेली त्याचा भरवसा गेला, हे तिनेच केबिनमधल्या त्या दोन पोरांना शिकवलं होतं. तिने सासूबाईंकडे पाहिलं. त्यांचा चेहरा कौतुकाने फुलला होता.

"मी चढणार नाही." तिने बेल्ट उतरवला.

हशा पिकला. कुणी शिट्टी मारली.

"आण इकडे!" पैलवानाने बेल्ट ओढून घेतला, दुमड पाहिली आणि उसवली. टाके करकरत सुटले. मागे सुईच्या भोकांची रांग उरली. तो बेल्ट अंगावर चढवू लागला.

खुणावालीने दोन्ही हात वर केले. थांबा! त्या खुणेला कामावरचा प्रत्येक जण इतका सरावलेला, की पैलवानही जागच्या जागी थिजला. तिने सासूबाईंची कात्री घेतली आणि बेल्टचे दोन तुकडे केले.

"खुर्ची गेली," फोरमन म्हणाला.

"गेली. माझ्या मापाचा बेल्ट आणा, पुन्हा मागायला येईन."

सासूबाईंनी तुकडे उचलले. "टाके बारीक घातले होते गं."

"माहीत आहे, आई. चूक टाक्यांची नाही."

पैलवानाच्या मापाचा कोरा बेल्ट त्याच दुपारी आला.

तेव्हापासून रोज सकाळी दोघी स्टोअरच्या खिडकीशी उभ्या असतात. सासूबाई सुनेच्या अंगाला टेप लावतात आणि माप मोठ्याने सांगतात. स्टोअरवाला मान वर करत नाही.

काल पलीकडच्या क्रेनवर एक नवी मुलगी चढायला आली. बेल्ट मांड्यांपर्यंत लोंबत होता. तिने शिडीवर पाय ठेवला आणि खुणावालीचे दोन्ही हात वर गेले.

मुलीची पाठ तिच्याकडे होती. तिला दिसलं नाही. खाली उभ्या असलेल्या सगळ्यांना मात्र दिसलं.