दाराची नोंद

मल्हार बॅटऱ्यांच्या मांडणीमागे उकिडवा बसून त्यांत पाणी भरत होता, तेवढ्यात दार लागलं आणि बाहेरून कुलूप पडलं. त्याने हाक मारली. पण मोबाइल टॉवरखालची ती पत्र्याची खोली, भिंतींत वीतभर फोम कोंबलेला; आतली हाक बाहेर जाणार कशी?

कुलूप द्वारकाबाईने लावलं, हे त्याला न बघता कळलं. टॉवर तिच्याच रानात उभा होता. दार उघडं दिसलं की शेरडं आत शिरतात, म्हणून ती ते लावून घेई आणि कडीला लटकलेल्या कुलपाची किल्ली मल्हारसाठी जपून घरी नेई. पोरगं विसरलं असेल, दुसरं काय. निमगाव केतकीला एसटीतून उतरून तो चालत आला होता, त्यामुळे बाहेर सायकलही नव्हती.

साल नव्याण्णव, मे महिना, दुपारचा एक. वीज दहालाच गेलेली, म्हणून एसी बंद. यंत्रं मात्र बॅटरीवर चालू होती आणि भट्टीसारखी तापत होती. अर्ध्या तासात त्याचा सदरा पिळून काढण्याजोगा झाला.

खिशातल्या मोबाइलवर रेंजच्या चारही काड्या होत्या. त्याने कंपनीच्या पुण्याच्या ऑफिसचा नंबर लावला. टूं टूं. पुन्हा लावला. टूं टूं. पोलिसांच्या शंभर नंबरचीही तीच गत. टॉवरच्या देखभालीवरचा मल्हारच्या आधीचा माणूस, बिरू, सगळ्या गावाला फुकट फोन लावून द्यायचा, म्हणून कंपनीने ह्या फोनची बाहेर बोलायची सोयच काढून टाकली होती. येईल तो फोन घ्यायचा, बास.

ह्याचा मल्हारला भयंकर राग आला, कारण त्याला आतली रीत माहीत होती. फोन कधी गप्प नसतो. ‘मी हितं हाय’ असं तो मधूनमधून टॉवरला सांगतो, टॉवर पुण्याला कळवतो. नंबर लावला की आधी नुसती विनंती जाते. पुणं ओळख पटवतं, परवानगी बघतं, मग हो किंवा नाही. म्हणजे त्याची प्रत्येक विनंती पुण्याला पोचत होती. पुण्याला तो ऐकू येत होता, आणि पुणं दरवेळी नाही म्हणत होतं.

दोन वाजता डोकं गरगरायला लागलं. आता एकच वाट होती, आणि तीच त्याला नको होती.

दाराच्या चौकटीत एक बटण होतं. दार उघडलं की बटण सुटे आणि पुण्याच्या पडद्यावर इशारा जाई. पण दार सैल; वारा सुटला की ते हाले आणि पुण्याहून फोन येई, ‘जाऊन बघ.’ नुसत्या वाऱ्यासाठी तो बारा वेळा पायपीट करून आला, आणि तीन महिन्यांपूर्वी त्याने ते बटण सुतळीने दाबून बांधून टाकलं. बटणाला हात लावणाऱ्याची नोकरी जाते, अशा कागदावर त्याची सही होती. मेंढरांमागे न जाता महिन्याचा पगार आणणारा घरातला तो पहिलाच.

आणखी दहा मिनिटं त्याने कळ काढली. मग सुतळी तोडली, बटण चौकटीतून उचकटून काढलं आणि दाबत, सोडत बसला. दार उघडं, दार बंद. दार उघडं, दार बंद.

फोन वाजला. पुण्याच्या कौसल्या मॅडम. “मल्हार, तुझ्या साइटवर दार उघडझाप करतंय. जाऊन बघ.”

“मॅडम, मी आतच हाय. कोंडलोय. निमगावच्या एसटीडी बूथला सांगा, द्वारकाबाईकडनं किल्ली आणाय.”

पाऊण तासाने दार उघडलं. तो बाहेर येऊन बांधावर कोसळला. “आत व्हतास व्हय रं?” म्हणत द्वारकाबाईने त्याच्या डोक्यावर कळशी रिकामी केली.

फोन पुन्हा वाजला. “बरा आहेस ना?” कौसल्या मॅडमनी खरोखर काळजीने विचारलं. मग आवाज उतरला. “तीन महिन्यांत तुझं दार एकदाही उघडलेलं नाही, मल्हार. भेटी मात्र तू रोजच्या लिहिल्यास. मला वर कळवावं लागेल.”

“रोज येतुया मॅडम. माझा फोन ह्याच टॉवरला रोज हजेरी देतोय. बघा की यंत्रात.”

“यंत्रात तू आत्ता कुठं आहेस तेवढंच राहतं. कालचं पुसलं जातं.”

सुतळीचं सांगितलं तरी नोकरी जाणारच होती; त्याने फोन खिशात टाकला.

“काय म्हणत्यात?” द्वारकाबाईने विचारलं.

“म्हणत्यात, मी तीन महिनं हितं आलोच न्हाय.”

ती त्याच्याकडे बघत राहिली. किल्ली अजून तिच्या मुठीत होती.

“मग मी कोंडलं कुणाला?”