खाटेएवढी भुई

माझ्या हयातीत पांढरीला कोणाचा हात लागणार नाही, असे मी माझ्या थोरल्या मुलाला, गोकुळला, सर्वांसमक्ष बजावले होते. आमच्या घरात माझा शब्द सहसा खाली पडत नाही. माझे यजमान काकासाहेब गेल्यावर मुलांची लग्ने, शहरातले घर, शेतातली विहीर, सारे मीच मार्गी लावले. परंतु जमीन गोकुळच्या नावावर केली तीही मीच. आणि रस्त्याच्या भरावासाठी पांढरीची माती ठेकेदाराला द्यायचे त्याने ठरवले, तेव्हा त्याला माझ्या होकाराची गरज पडली नाही.

गंगापूरच्या पुढे, गोदावरीच्या अंगाला आमची शेती आहे. भोवती काळीभोर जमीन आणि मधोमध राखेच्या रंगाचे एक टेकाड; तीच आमची पांढरी. जिथे कधीकाळी माणसे नांदून गेली तिथली माती अशी पांढुरकी होते, हे आमच्याकडे नांगर धरणाऱ्याला सांगावे लागत नाही. उन्हाळ्यात ती माती गाड्या भरून काळीत पसरायची, घरांच्या धाब्यांवर घालायची, हा रिवाज मी सून म्हणून आले त्याच्याही आधीचा. त्याबद्दल मला कोणी जाब विचारू नये. आमच्या कपाशीला त्या मातीने बळ दिले. टेकाड मात्र वर्षागणिक खचत गेले, आणि अखेरीस एका म्हाताऱ्या कडुलिंबाच्या मुळांनी आवळून धरलेला तुकडा तेवढा उरला.

त्या तुकड्यासाठी आमरीन आमच्याकडे आली. सिल्लोडच्या कापूस-व्यापाऱ्याची ही मुलगी. शहरात राहून जुन्या वस्त्यांच्या मातीचा अभ्यास करते. खापरे, मणी, हाडे यांच्यामागे सगळेच लागतात. हिला हवी होती ती नुसती माती. रीतसर परवानगी घेऊन तिने लिंबाखाली खड्डा घेतला, भिंतीतून विटेएवढा ठोकळा कापला, मोडलेल्या हाताला घालतात तसल्या प्लास्टरात गुंडाळला, वरची बाजू कोणती ते बाणाने दाखवले आणि घेऊन गेली. काही महिन्यांनी परतली ती लॅपटॉप काखेत मारून. ठोकळा औषधात मुरवून दगडासारखा टणक केला होता आणि त्याचे केसाहून पातळ काप काढले होते.

शेतातल्या घराच्या ओसरीवर आम्ही तिघी बसलो होतो. तिसरी माझी धाकटी जाऊ, आवडाबाई. दीर गेल्यापासून शेतावरचे घर तीच सांभाळते.

आमरीनने पडद्यावर बोट ठेवले. "या बारीक पट्ट्या दिसतात ना, काकू? एकीवर एक? प्रत्येक पट्टी म्हणजे एकदा सारवलेलं, तीन हजार वर्षांपूर्वी. शेण-माती, वर राखेची धूळ, परत शेण-माती."

आवडाने मान पुढे काढली. "अगं बाई, कांद्याचे पापुद्रेच की! किती येळा सारवलं मेलीनं?"

"मोजता नाही येत. तुमच्यापेक्षा टापटिपीची होती."

"माझ्यापरीस? नाव तर सांग तिचं!"

"नाव नाही कळत, काकू. पण चुलीपाशी कुठं बसायची ते कळतं." आमरीनने चित्र सरकवले. "इथली माती पायांनी दाबून घट्ट झालीय. हा एवढा भाग मात्र भुसभुशीत. कोंडाच कोंडा. म्हणजे इथं रोज कुणीतरी बसून धान्य कांडायचं, अन् बाकीचे तिला वळसा घालून जायचे. अन् हे दाराजवळ, या शेळीच्या लेंड्या. करडं रात्री घरात बांधायचे."

"घ्या! आपल्या सासूबाई मला त्याच्यावरनंच धारेवर धरायच्या, का करडं घरात घेतलीस म्हणून. सांगा आता त्यांना!"

"त्या वर गेल्या, आवडा."

"म्हणून तर तुमाला सांगते."

आमरीन खदखदून हसली. आवडा मात्र बराच वेळ त्या पट्ट्यांकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "तीन हजार वर्सं. तवापसून सारवलंच नसंल मग कुणी."

"कोण सारवणार, काकू?"

त्या दिवसापासून पांढरी ही माझ्या लेखी माती राहिली नाही. तिथे एक घर होते, आणि त्या घराला चालवणारी एक बाई होती. तिला लोक वळसा घालून जात. अशा घरावरची माती रस्त्याच्या पोटात घालायला मी मुळीच तयार नव्हते.

मुलगा ऐकत नाही म्हटल्यावर उपाय एकच उरला. पुरातत्त्व खात्याचे अधिकारी स्वतः येऊन खात्री करून गेले तर खोदकामाला त्याच दिवशी मनाई होऊ शकत होती. आमरीनने खेटे घालून त्यांना राजी केले. परंतु ते म्हणाले, तुमचे काप आम्ही मानले तरी उद्या कोणी म्हणेल की ते दुसरीकडून आणले. म्हणून अधिकाऱ्यांच्या डोळ्यांदेखत जागेवरच नवा ठोकळा कापायचा, असे ठरले. तेवढ्यासाठी लिंबाखाली एका खाटेएवढी भुई आमरीनने मुद्दाम राखली होती. बाकी सारी पांढरी उपसलेली. सलग, न हललेले थर काय ते तिथेच. तिने त्यावर ताडपत्री घातली आणि राखण आवडाकडे दिली. आवडा हातात काठी घेऊन बसली. शेळीच काय, तिने तिथे चिमणी टेकू दिली नाही.

सोमवारी ठेकेदाराचे यंत्र यायचे होते. अधिकारी शनिवारी येणार, असे कळताच मी शहरातून फोन करून आवडाला एवढेच सांगितले, "साहेब ते घर बघायला येतायत. सगळं नीट असू दे." यात चुकीचे काय सांगितले, ते मला अजून उमगलेले नाही.

शनिवारी सकाळी आमरीन, अधिकारी आणि मी एकाच गाडीतून पोहोचलो. आवडा ठेवणीतले लुगडे नेसून, पाण्याचा तांब्या घेऊन वाटेवरच उभी होती. लिंबाखाली ताडपत्री घडी करून ठेवलेली. आणि भुई हिरवट, ओलसर, हात फिरवावा अशी गुळगुळीत. कडेने रांगोळीची रेघ.

आमरीनचे पाऊल जागच्या जागी थांबले. "काकू, सारवलं का तुम्ही?"

"नुसतं सारवून भागतंय व्हय? लई उखणली होती. काल दुपारपसून मी अन् वस्तीवरल्या दोघी, हातभर खांदली, पाणी पाजलं, तुडवली, चोपण्यानं चोपली, मग सारवली. परक्या माणसाला त्या बाईचं घर तसं दाखवायचं? आपलीच लाज गेली असती."

भुई करावी तर अशीच करावी. मीही जन्मभर अशीच करून घेतली आहे.

आमरीन गुडघ्यांवर बसली. करणी घेऊन तिने कडेला उभा छेद घेतला. हातभर खोलीपर्यंत एकच राखाडी रंग, मळलेल्या कणकेसारखा; पट्टी एकही नाही. त्याखाली नदीची पिवळी रेती, आणि तिथे माणसाची खूण नव्हती. तिने दुसऱ्या कडेला छेद घेतला. मग तिसऱ्या. अधिकारी सज्जन गृहस्थ होते. त्यांनी तिन्ही छेद वाकून पाहिले.

"इतरत्र कुठे शिल्लक आहे?" त्यांनी शेवटी विचारले.

"नाही, सर."

"मग मला जे दिसतं तेच लिहावं लागेल."

चहा न घेताच ते गाडीकडे वळले. मी आमरीनला विहिरीच्या बाजूला नेले.

"आवडाला हे कळता कामा नये."

"आजी, मला कुणावर तरी ओरडायचंय."

"माझ्यावर ओरड."

ती ओरडली नाही. परत जाऊन तिने खड्ड्याभोवतीच्या खुंट्या उपटल्या आणि दोरी गुंडाळली.

"साहेबाला पसंत पडलं का, बाई?" आवडाने मला विचारले.

"पडलं."

"मग बसले का नाय?"

"घाईत होते."

"तरी मी म्हणतच होते, कडंला गेरूचा पट्टा वढावा."

आमरीन शहरात परतली. मी गेले नाही. सोमवारी यंत्र आले तेव्हा मी लिंबाखाली उभी होते. काय करणार होते, ते मलाही ठाऊक नव्हते. समोर मी उभी असताना माझे पोर पुढे सरकणार नाही, एवढा एक समज बाळगून होते. गोकुळ ठेकेदाराबरोबर मोटारीतून उतरला.

"आई, उन्हात कशाला? घरात चल."

"मी काय सांगितलं होतं तुला?"

"सांगितलं होतंस. पण आता खात्याचंही म्हणणं आलंय. तिथं काही नाही उरलेलं." आणि मग, मागून ताक घेऊन आलेल्या आवडाकडे वळून तो हसला. मनाने वाईट नाही माझा मुलगा. बोलताना पुढचे पाहत नाही एवढेच. "काकू, आईनं पांढरी वाचवायला एवढा साहेब आणला, अन् तुमच्या चोपण्यानं आमचं काम करून टाकलं बघा."

"गोकुळ, तोंड सांभाळ!"

ताकाचा तांब्या आवडाने खाली ठेवला.

"म्हंजे? ते पापुद्रे, पोरीनं दाखवलेले..." तिने भुईकडे पाहिले. शेण आता सुकून तडकले होते. "मी खांदले ते तेच व्हते का, बाई?"

 हो म्हणावे की नको, याचा निवाडा एरवी मी क्षणात केला असता.

आवडा भुईवर गेली आणि मधोमध बसली. रडली नाही. तळहाताने सारवण चाचपत राहिली, जणू खालचे काही हाताला लागेल. यंत्राच्या चालकाने प्रश्नार्थक नजरेने गोकुळकडे पाहिले, ठेकेदाराने घड्याळाकडे.

"काकू, उठा आता," गोकुळ म्हणाला. ती जागची हलली नाही. त्याने पुन्हा सांगितले, मग आवाज उतरवून मला म्हणाला, "आई, तूच उठव तिला. तुझंच ऐकते ती."

ते खरे होते. लग्न होऊन आली त्या दिवसापासून आवडाने माझे एकही सांगणे मोडलेले नाही. मी तिला तशीच बसू दिली असती, तर दुपारपर्यंत बसली असती, कदाचित संध्याकाळपर्यंतही. त्यानंतर काय? खाली एकाच रंगाची माती होती.

"ऊठ, आवडा," मी म्हणाले.

ती उठली. मी तिचा दंड धरला, आम्ही दोघी बाजूला झालो, आणि चालकाने यंत्र सुरू केले.