दुसरा डोस

नर्स असलेल्या नणंदेच्या वॉर्डात एक आजोबा दगावले. वेदनाशामक दुप्पट गेलं होतं, आणि पंप लावला होता नणंदेने. "जादा डोसचं हाताचं बटणही माझ्याकडून दाबलं गेलं असेल," असं तिने चौकशीत सांगून टाकलं आणि घरी येऊन अंथरूण धरलं.

भावजयीला मात्र वेगळीच शंका आली. त्या पंपांचा प्रोग्राम तिच्याच हातचा.

जुन्या प्रोग्राममध्ये लॉक होते. एका कामाने पंप धरला की बाकीच्यांनी ताटकळत बसायचं. सगळं रखडायचं, म्हणून तिने ट्रान्झॅक्शन आणले. त्यात कुणी कुणासाठी थांबत नाही. दोन कामं एकाच नोंदीवर आदळली, तर एकाचं केलंसवरलं पुसायचं आणि ते पहिल्यापासून करायचं. पंपाला हुकूम देणारा जुना लॉकवाला भाग तिने जसाच्या तसा ट्रान्झॅक्शनच्या पोटात ठेवला. चालतंय त्याला कशाला हात लावा, असं तिच्या कंपनीतले साहेबही म्हणाले होते.

ऑफिसात तिने तशी टक्कर मुद्दाम घडवून आणली. टेबलावरच्या पंपाने औषध सोडलं. नोंद पुसली गेली, काम पुन्हा सुरू झालं, पंपाने पुन्हा औषध सोडलं. पडद्यावर डोस एकच. नळीतून गेलेलं कोण पुसणार?

तिने साहेबांना बोलावून दाखवलं.

"नर्सने कबूल केलंय," ते म्हणाले. "तू कशाला आगीत हात घालतेस?"

"ती माझी नणंद आहे."

"मग तर तुझ्यावर कुणी विश्वासच ठेवणार नाही."

ती पंप उचलून थेट चौकशी समितीसमोर गेली. तिथे तो सगळ्यांदेखत दोनदा चालला. रुग्णालयाने सगळे पंप बंद केले, नणंदेवरचा ठपका पुसला, आणि कंपनीने भावजयीला घरी बसवलं.

"ताई, तुम्ही बटण दाबलंच नव्हतं," तिने नणंदेच्या उशाशी बसून सांगितलं. "चूक माझी होती."

नणंदेने उजवा अंगठा वर धरला.

"पण मला आठवतंय गं," ती म्हणाली. "बटण दबल्याचं अजून इथे जाणवतं."

रुग्णालयाने कामावर परत यायला दोनदा बोलावणं धाडलं. नणंद गेली नाही.